बिऱ्हाड पाठीवर, व्यायाम सोबत: नाशिकला महिना-दोन महिने राहायला येणाऱ्यांसाठी

लॅपटॉप घेऊन यायचं, महिना-दोन महिने खोली घ्यायची, काम करायचं आणि पुढच्या गावाला निघायचं, असं जगणारी माणसं आता कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या टपऱ्यांवर सहज भेटतात. मीही त्यांच्यातलीच. माहेर नाशिकचं असल्यामुळे हिवाळा बहुतेक इथे जातो, बाकीचं वर्ष जिथे काम आणि खोली जमेल तिथे. नवा माणूस भेटला की आधी विचारतो, इंटरनेट कुणाचं चांगलं? तीन आठवड्यांनी तोच विचारतो, कंबर धरली, पँट घट्ट झाली, इथे जिम कुठली?

फिरणारा माणूस आपोआप तंदुरुस्त राहतो, हा समज आधी सोडा. फिरस्तीतला बराच वेळ बसण्यात जातो. आधी गाडीत, मग कॅफेत, मग खोलीतल्या कॉटवर मांडी घालून. घरी असताना जिना, बाजार, मित्रांबरोबरचं क्रिकेट अशी न मोजलेली हालचाल होत असते, ती गाव बदललं की एका फटक्यात बंद होते. त्यात जेवण विकतचं.

माझा तोडगा साधा आहे. व्यायामाचे दोन वाटे करायचे. एक वाटा स्वतःच्या अंगचा, जो कुठल्याही खोलीत होतो आणि गाव बदललं तरी बदलत नाही. दुसरा वाटा त्या गावाकडून घ्यायचा. गावात नदीकाठ असेल तर चाल, डोंगर असेल तर चढ, तलाव असेल तर पोहणं. पहिला वाटा नसेल तर प्रत्येक गावात शून्यापासून सुरुवात करावी लागते. दुसरा नसेल तर दोन महिन्यांत कंटाळा येतो. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

पायरी १: निघण्याआधी स्वतःचं किमान ठरवा

किमान म्हणजे वीस मिनिटांचा, साधनांशिवायचा, खोलीतला व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसांसाठीची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची आणि निदान दोन दिवस ताकदीच्या व्यायामाची आहे. मध्यम श्रम ओळखायची खूण अशी की बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. ती मिनिटं गावाकडून मिळवता येतात. ताकदीचे दोन दिवस मात्र कुठलंच गाव आपणहून देत नाही, म्हणून ते किमानात हवेत. दिलासा एवढाच की ताकद कमवायला जेवढा व्यायाम लागतो त्याच्या बऱ्याच कमी व्यायामात ती टिकते. वेळ कमी झाला तर चालतो, व्यायामाचा कस कमी करायचा नाही.

माझ्या किमानात चारच गोष्टी आहेत:

- बैठका
- जोर
- काहीतरी ओढणं
- प्लँक, म्हणजे कोपरांवर आणि पायांच्या बोटांवर अंग फळीसारखं सरळ धरून ठेवणं

पहिल्या दोन आपल्या तालमींनी कधीच्याच देऊन ठेवल्या आहेत, त्यासाठी ॲप विकत घ्यायची गरज नाही. पूर्ण जोर जमत नसेल तर हात कॉटच्या कडेवर ठेवून करा. सोपं वाटायला लागलं की हात जमिनीवर आणि पुढे पाय कॉटवर. बैठका वाढवायच्या म्हणजे पंधराच्या पन्नास करायच्या नाहीत. तीन आकडे मोजत सावकाश खाली जा, मग भरलेली बॅग छातीशी धरून करा. पंधरा मोजून झाल्यावर अजून दोन-तीनच निघाल्या असत्या, असं वाटलं पाहिजे.

तिसरी गोष्ट बहुतेक लोक गाळतात, आणि कंबर-मान धरण्यात ती गाळण्याचा वाटा मोठा असतो. खोलीतले सगळे व्यायाम ढकलण्याचे असतात, त्यात दिवसभर लॅपटॉपपुढे खांदे पुढे आलेले. पाठीला उलट दिशेचं काम द्यावंच लागतं. बॅगेत लिटरच्या सहा भरलेल्या पाण्याच्या बाटल्या घाला, म्हणजे सहा किलो झाले. कमरेत वाका, पाठ सरळ ठेवा, बॅग एका हाताने पोटाकडे ओढा. हळूहळू बाटल्या वाढवा. (नाशिकला कांदा स्वस्त असतो तेव्हा पाच किलोची पिशवीही चालते. कांदा महागला की पुन्हा पाणी.)

आठवड्यात तीन वेळा किमान झालं तर उत्तम, दोनदा झालं तरी गाडी रुळावर. त्याला ठरलेली वेळ हवी आणि ती सकाळचीच ठेवा. नव्या गावात संध्याकाळ आपल्या हातात नसते.

पायरी २: सामान आणि कागदपत्रं

सामान कमी ठेवा:

- दोन रबरी पट्टे, एक हलका, एक कडक. व्यायामाच्या साहित्याच्या दुकानात मिळतात आणि मोज्यांच्या जागेत बसतात.
- दोरीवरच्या उड्यांची दोरी. खाली कोणी राहत नसेल तरच.
- पातळ सतरंजी किंवा योगाची मॅट. सतरंजी बसमध्ये पांघरायलाही होते.
- चालायचे बूट, आधी वापरून मऊ झालेले. नवे बूट घालून वारीला कोणी निघत नाही, आणि निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकहून पंढरपूरपर्यंत चारशेच्या वर किलोमीटर चालत जाते.
- शिवणकामाची टेप. वजनकाटा प्रत्येक गावात वेगळा आकडा सांगतो, बेंबीपाशी कमरेला लावलेली टेप सांगत नाही.

पट्टा दारात अडकवून ओढणार असाल तर दार बंद करून कडी लावा आणि पट्टा बिजागरीच्या बाजूला अडकवा. पंचवटी, जुन्या नाशकातल्या वाड्यांची दारं सुरेख असतात, पण कड्या ढिल्या. आधी हाताने जोर लावून बघा.

कागदपत्रं फोनमध्येही ठेवा आणि छापूनही:

- आधार कार्ड आणि त्याच्या दोन-तीन झेरॉक्स
- पासपोर्ट आकाराचे सहा फोटो
- पोहायला योग्य असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र. तलावावर हे मागतात
- आरोग्य विम्याचं कार्ड आणि आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य ओळख)
- चालू औषधांची चिठ्ठी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं त्याची नोंद
- भाडेकराराची प्रत

चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब, साखर, दमा किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर निघण्याआधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून या. नव्या गावातल्या डॉक्टरांना तुमचा इतिहास पहिल्यापासून सांगत बसावं लागतं.

पायरी ३: खोली बघताना हे विचारा

पहिला सापळा पत्त्याचा आहे. नाशिकरोड हे रेल्वे स्टेशन आणि त्याभोवतीचं उपनगर, मूळ शहरापासून नऊ-दहा किलोमीटर लांब. स्वस्त खोली मिळाली म्हणून लोक तिथे आगाऊ पैसे भरतात आणि मित्र, काम, मैदान सगळं गंगापूर रोडला. मग रोजचा तास-दीड तास रिक्षात आणि व्यायामाची वेळ गेली. नाशिकरोड वाईट मुळीच नाही. तिथे राहायचं तर दिवसही तिथेच काढायचा.

खोली बघायला गेलात की जमिनीकडे बघा. कॉट, टेबल, कपाट ठेवून झाल्यावर सहा बाय तीन फूट मोकळी जागा उरते का? दोन फुटी फरशी असेल तर लांबीत तीन फरश्या आणि रुंदीत दीड. तेवढ्यात जोरही होतात, सूर्यनमस्कारही. पाण्याची वेळ विचारा. धावून आल्यावर नळ कोरडा असणं हे व्यायाम सोडायला पुरेसं कारण ठरतं. इलेक्ट्रिक केटल चालेल का आणि फ्रिजचा एक कप्पा मिळेल का, हेही आत्ताच बोलून घ्या, पुढे पोटाच्या सोयीत दोन्ही लागतात. आणि मैदान, बाग किंवा ट्रॅक दहा मिनिटांच्या चालीत हवा. वीस मिनिटांवर असेल तर पहिला आठवडा जाल.

बाईमाणसाने आणखी एक करावं: खोली पक्की करण्याआधी त्या गल्लीतून पहाटे साडेपाचला एकदा चालून यावं. दिवे लागलेले आहेत का, दूधवाले, पेपरवाले, फिरायला निघालेल्या काकू दिसतात का. काकू दिसल्या की बाकी चौकशी करायची गरज नाही.

पायरी ४: पहिले दोन दिवस

आल्या दिवशी सामान लावायच्या आधी अर्धा तास चाला. ओळखीचं दुकान, मेडिकल, मेस, मैदान हे त्यातच सापडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी किमान करा, थकवा असला तर अर्धं. पहिल्या दोन दिवसांत जी वेळ बसते ती पुढे टिकते. "आधी सेट होऊ दे, सोमवारपासून सुरू करतो" म्हणणाऱ्याचा सोमवार पुढच्या गावात उजाडतो.

हवेचं थोडं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. मुंबईहून येणाऱ्याला घामाचा त्रास कमी होतो आणि पहिल्याच दिवशी दुप्पट पळावंसं वाटतं. ती हवा थंड आणि कोरडी असल्याची गंमत आहे. पोटऱ्यांना ती कळत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, निफाडकडे त्याहून खूप खाली. अशा वेळी खोलीतच पाच मिनिटं अंग गरम करून बाहेर पडा. कोरड्या थंडीत तहान लागत नाही, तरी पाणी प्यायचं. मार्च ते मे सकाळी सातच्या आत उरका.

पायरी ५: मैदान, ट्रॅक, तालीम, तलाव

चालायला-धावायला शहराच्या मध्यात गोल्फ क्लब मैदान, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. कॉलेज रोडच्या बाजूला राहणाऱ्यांना कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, इंदिरानगर-सिडकोवाल्यांना इंदिरानगरचा. गोदाकाठी आनंदवल्ली-सोमेश्वरच्या बाजूला सकाळी चालायला मजा येते. ट्रॅकवर आतल्या बाजूने चालणारे, बाहेरून पळणारे की उलट, हे आधी दोन मिनिटं उभं राहून बघा. प्रत्येक ट्रॅकचा रिवाज वेगळा आणि तो मोडला की आजोबा लोक ऐकवतात. २०२७च्या सिंहस्थाची कामं चालू असल्यामुळे आज मोकळा असलेला रस्ता उद्या खोदलेला सापडू शकतो, तेव्हा रस्त्यावर पळण्यापेक्षा ट्रॅक बरा.

महापालिकेच्या बऱ्याच बागांत ग्रीन जिम आहे. त्यातली फिरणारी-झुलणारी यंत्रं सांधे मोकळे करायला ठीक, ताकदीसाठी फारशी नाहीत. सिंगल बार शोधा. लटकता आलं तरी खांद्यांना आराम पडतो, आणि ओढण्याच्या व्यायामाचा प्रश्नच मिटतो.

जिमचा सापळा सगळ्या शहरांत एकच: वर्षाचं पॅकेज. महिन्याचा दर आणि वर्षाचा दर यात मुद्दाम इतकं अंतर ठेवतात की दोन महिने राहणारा माणूसही वर्षाचे पैसे भरून बसतो. "पुढे ट्रान्सफर करून देऊ" हे तोंडी आश्वासन असतं. महिन्याचेच भरा, पावती घ्या, आणि भरण्याआधी ज्या वेळी जाणार त्याच वेळी एकदा जाऊन गर्दी बघा. दुपारी बारा वाजता सगळ्याच जिम मोकळ्या दिसतात.

तालमीला मात्र जरूर जाऊन या. नाशकात व्यायामशाळांची परंपरा जुनी आहे. यशवंत व्यायामशाळेत मल्लखांब बघितलात तर आपलं किमान किती किमान आहे ते कळतं. तालमीत वस्तादांना आधी भेटायचं, चपला बाहेर, फोन खिशात. पैसे जिमच्या मानाने थोडे लागतात आणि जोर चुकत असेल तर कोणीतरी न विचारता दुरुस्त करतं.

पोहणाऱ्यांसाठी त्र्यंबक रोडवर महापालिकेचा स्वातंत्र्यवीर सावरकर जलतरण तलाव. शुल्क, बॅचच्या वेळा, महिलांची बॅच हे तिथल्या फलकावर बघा, बदलत असतं. वर लिहिलेलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि फोटो नसतील तर पहिली चक्कर फुकट जाते.

सायकलचा विचार डोक्यात येईलच, कारण नाशिकची ती हवाच आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या इथल्या भावांनी २०१५मध्ये अमेरिका आडवी पार करणारी रेस ॲक्रॉस अमेरिका पूर्ण केली, आणि इथून पंढरपूरला सायकलवारी जाते. दोन महिन्यांसाठी नवी सायकल घेऊ नका. जुनी घ्या, पावती आणि चासीचा नंबर तपासून, जाताना विकून टाका. त्र्यंबकच्या रस्त्याला सुरुवात एकट्याने नको, रविवारी पहाटे निघणाऱ्या गटाच्या मागे लागा.

पायरी ६: डोंगर

हा खरा नाशिकचा वाटा, आणि जपून घ्यायचाही हाच. मी म्हणेन आठवड्यातून एकदा शहरातला चढ आणि पंधरवड्यातून एकदा बाहेरचा.

शहरातला चढ म्हणजे पांडवलेणी. मुंबई-आग्रा महामार्गाला लागून, पायथ्याशी फाळके स्मारक. पायऱ्या नीट बांधलेल्या, नेहमी चालणारा माणूस पंधरा-वीस मिनिटांत वर. एकूण २४ लेणी आहेत. आतून बघायची तर पुरातत्त्व खात्याचं तिकीट. दम खायला तिसऱ्या लेण्यापाशी थांबा, गौतमी बलश्रीने मुलाची, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी कोरून ठेवलेला शिलालेख तिथेच आहे. पंचवटी-म्हसरूळकडे राहत असाल तर चांभारलेणी, म्हणजे जैनांचं गजपंथ, जवळ पडेल. पायऱ्या तिथेही भरपूर आहेत.

पायऱ्यांचा व्यायाम करताना लोक चढण्यात शूर असतात आणि उतरताना धावतात. मांड्या दुखतात त्या उतरण्याने. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, आणि सवय नसलेल्या स्नायूला ते सर्वांत जड जातं. दुखणं त्या दिवशी कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कॉटवरून उठताना कळतं. म्हणून पहिल्या वेळी एकदाच चढा, सावकाश उतरा, पाऊल पूर्ण टेकवा, गुडघा किंचित वाकलेला ठेवा. आठवडाभराने दोनदा. स्नायूंचं दुखणं दोन्ही मांड्यांना सारखं असतं आणि तीन-चार दिवसांत जातं. एकाच गुडघ्यात, एकाच जागी, टोचल्यासारखं दुखत असेल किंवा सूज असेल तर तो व्यायामाचा परिणाम समजून चालत राहू नका, दाखवून या.

बाहेरच्या डोंगरांत सुरुवात रामशेजपासून करा. पेठ रस्त्याच्या बाजूला, पायथ्याला आशेवाडी. किल्ला छोटा, अर्ध्या दिवसात घरी. १६८२मध्ये वेढा घालून बसलेल्या मोगलांना तो वर्षानुवर्षं मिळाला नाही, आणि वर गेल्यावर त्याची उंची बघून याचं आणखीच नवल वाटतं. मग अंजनेरी: त्र्यंबकच्या बसने अंजनेरी फाट्यावर उतरायचं. वर पठार मोठं आहे, चालायला भरपूर. त्यानंतर ब्रह्मगिरी. कळसूबाई, १६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर. नाशिकहून एका दिवसात होतं, पण महिनाभर पायऱ्यांची सवय झाल्यावर.

हरिहर या यादीत नाही. फोटोतल्या त्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्यांमुळे नवा माणूस पहिल्याच रविवारी तिकडे निघतो. तिथे व्यायाम होत नाही, रांग होते. उतरताना गर्दीत पाय थरथरायला लागले तर मागेही जाता येत नाही, पुढेही. जायचंच तर मधल्या वारी, जाणत्या माणसाबरोबर, पावसाळा सोडून.

तीन धोके, तिन्ही खरे:

माकडं. ब्रह्मगिरी, अंजनेरी, सप्तशृंगी इथे हातात पिशवी किंवा बाटली दिसली की ओढतात. खाणं बॅगेत बंद ठेवा, ओढाताण करू नका, हातातलं सोडून द्या.

कुत्री. पहाटे धावणाऱ्याच्या मागे लागतात. पळणं थांबवा, चालायला लागा, नजर खाली. चावा किंवा ओरखडा, कितीही लहान असो, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. सरकारी रुग्णालयात ती मिळते. हळद-मिरची लावून बसू नका. माकड चावलं तरी हेच करायचं.

बिबट्या. बाहेरगावच्यांना हे ऐकून हसू येतं. गोदाकाठ, दारणाकाठ, देवळाली, मखमलाबादकडच्या मळ्यांत आणि उसाच्या पट्ट्यात त्याचा वावर आहे, शहराच्या वस्तीतही येऊन गेला आहे. उजाडण्याआधी आणि तिन्हीसांजेनंतर मळ्यांच्या रस्त्याने एकट्याने, कानात गाणी लावून पळू नका.

पायरी ७: पोटाची सोय

मिसळीबद्दल आधी बोलून घेऊ. नाशकात येऊन मिसळ खाऊ नका असं सांगणाऱ्याचं कोणी ऐकू नये. मटकी चांगलीच असते. वजन वाढतं ते तर्री, शेव, पावाच्या जादा जोड्या, वर जिलेबी आणि परत रस्सा यांनी. आठवड्यात एकदा, डोंगरावरून आल्यावर, रस्सा एकदाच. सकाळच्या नाश्त्याला रोज मिसळ म्हणजे दुपारपर्यंत लॅपटॉपपुढे पेंग.

मेसच्या थाळीत अडचण उलटी असते. तीन-चार पोळ्या, भात, बटाट्याची भाजी आणि पातळ वरण. पोट भरतं, प्रथिनं कमी पडतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा (आयसीएमआर) हिशोब दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनांचा आहे; साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याने त्याहून थोडं जास्त धरावं. मेसवाल्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगा, "भात अर्धा द्या, उसळ दोन वाट्या." वरचे पैसे द्यायची तयारी दाखवली की मावशी नाही म्हणत नाहीत. "डाएट करतेय" मात्र म्हणू नका, मग दोन पोळ्या जास्त वाढतात.

उरलेलं खोलीत जमतं. रविवार कारंजाच्या बाजारातून फुटाणे, शेंगदाणे आणून ठेवा. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साधारण पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात, तेल त्याच्या जवळजवळ दुप्पट, तेव्हा मूठभरच. अंड्यात सहा ग्रॅम. केटलमध्ये अंडी उकडता येतात. अंडी बुडतील एवढं पाणी उकळू द्या, केटल बंद झाली की झाकण न उघडता पंधरा मिनिटं तशीच ठेवा.

आणि मोड. रात्री वाटीभर मूग किंवा मटकी भिजत घाला. सकाळी पाणी काढून ओल्या सुती रुमालात घट्ट बांधा, पुरचुंडी डब्यात ठेवा, झाकण अर्धवट. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड डोकावतात. नाशिकच्या जानेवारीत दोन दिवस लागतात. पुरचुंडी रात्री पांघरुणाच्या घडीत ठेवली तर लवकर. मोड आले की केटलमधलं उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं झाकून ठेवा, मग कांदा, लिंबू, मीठ. कच्चे मोड नव्या गावात, नव्या पाण्यावर खाऊ नका.

जानेवारी ते मार्च द्राक्षं. रस्त्याच्या कडेला क्रेटवर विकतात आणि चांगली असतात. मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून नीट धुवा. थंडीत बाजरीची भाकरी, पेठ-सुरगाण्याकडची नागली, म्हणजे नाचणी. पावसाळ्यात आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात, मेसच्या मावशींना विचारलं तर करूनही देतात.

पायरी ८: प्रवासाचा दिवस

मुंबई साधारण १७० किलोमीटर, पुणे २१०. कागदावर चार-पाच तास, घाटात किंवा चाकणला अडकलात तर सांगता येत नाही. प्रवासाच्या दिवशी व्यायामाचं लक्ष्य ठेवू नका. निघण्याआधी दहा मिनिटं सूर्यनमस्कार, पोचल्यावर अर्धा तास चाल, संपलं. बसमध्ये दर तासाला घोटे वरखाली हलवा, जमेल तेव्हा उभं राहा. लांबच्या प्रवासात तासन्‌तास पाय न हलवल्याने पायात रक्ताची गाठ होऊ शकते. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एसटी थांब्यावर थांबली की वडापावच्या रांगेत ताटकळण्याऐवजी गाडीभोवती चकरा मारा. कंडक्टरला सांगून.

पायरी ९: आजारी पडलात तर

ताप असताना व्यायाम नाही, किमानही नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतर नाशकात डेंग्यूचे रुग्ण असतात, तेव्हा ताप दोन दिवसांवर गेला की रक्त तपासून घ्या. पोट बिघडलं तर जलसंजीवनीचं पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट ग्लासात ढवळून प्यायचं नाही. बरं वाटल्यावर पहिला आठवडा निम्म्यावर.

पायरी १०: गाव सोडताना

शेवटच्या आठवड्यात डोंगर नको. मुरगळलेला घोटा घेऊन नव्या गावात जिने चढून खोल्या बघणं फार वाईट. सायकल आठ दिवस आधी विकायला काढा, शेवटच्या दिवशी काढली तर गिऱ्हाईक भाव पाडतं. जिमचं नाव काढून घ्या, बँकेतून आपोआप जाणारे पैसे बंद झाले का ते स्वतः तपासा. मेसच्या उरलेल्या दिवसांचा हिशोब मावशींशी करा. कमरेचं माप घ्या आणि आलेल्या दिवशीच्या मापाशेजारी लिहा.

मग नकाशावर पुढच्या गावातलं एखादं मैदान शोधा आणि खोलीचा शोध त्याच्या दहा मिनिटांच्या परिघात सुरू करा. पायरी ३मधले प्रश्न फोनवरच विचारून घ्या. फरशीचं माप विचारल्यावर घरमालक जरा गोंधळतात, पण सांगतात.